पाखऱ्या फेम

कंपनीची बस सणसवाडीच्या चौकात अडकली होती. मी खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत होतो आणि डोळे उघडले तेव्हा समोरच्या फ्लेक्सवर माझंच तोंड होतं. काळा गॉगल, गळ्यात मफलर, हात छातीवर. वर मोठ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. असं काही दिसलं की माणसाच्या छातीत धस्स व्हायला पाहिजे. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हाच फोटो कशाला वापरला, यात गाल किती वर आलेत. मग बस हातभर पुढे सरकली, विजेच्या खांबाआड गेलेला भाग दिसला आणि कळलं, की गेलाय तो मी नव्हे. मधोमध बैल उभा होता. पांढरा, पाठीवर काळे शिंतोडे, शिंगांना गोंडे, नजर थेट कॅमेऱ्यात. कै. पाखऱ्या, घाटाचा राजा. मी खालच्या रांगेत शोकाकुल मंडळींत होतो, कारखान्याचे एक संचालक आणि कुठल्याशा पतसंस्थेचे चेअरमन यांच्या मधे. माझ्या नावाआधी लिहिलं होतं, ‘पाखऱ्या फेम’. शेजारी बसलेला पाटण्याकडचा कामगार एकदा फ्लेक्सकडे बघत होता आणि एकदा माझ्याकडे. "भैया, ये तो आप हो. कौन गुजर गया?" मी म्हटलं, "बैल." त्याने तोंड पाडलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपका था?" तेवढ्यात बस सुटली.

पाखऱ्या माझा नव्हता. तो न्हावऱ्याच्या पोपटरावांचा, शर्यतीचा बैल; शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात. मी त्याला उभ्या आयुष्यात मोजक्या वेळा पाहिला असेल आणि त्यातल्या एका भेटीत त्याने माझ्या नव्या बुटावर पाय दिला होता. पण गेली चार वर्षं मी जिथे जातो तिथे त्याच्या मागून जातो. लग्नात कुणी ओळख करून देताना "हे संघर्ष" म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा असतो. "आरं, पाखऱ्यावालं" म्हटलं की तो उजळतो आणि लगेच दोन ओळी म्हणून दाखवतो. मला. माझ्याच.

आला पाखऱ्या आला, घाटाला घाम फुटला,
टाळी वाजायच्या आधी निशाणाला जाऊन भिडला!

इथे तो थांबतो. सगळे इथेच थांबतात. रीलमध्ये एवढंच असतं, डीजेवर एवढंच फिरून फिरून वाजतं, ट्रॉलीच्या मागे एवढंच रंगवलेलं असतं. त्या गाण्याला चार कडवी आहेत असं कुणाला सांगायला गेलं, तर लोक "व्हय का" म्हणतात आणि चहा मागवतात. यात त्यांची चूक आहे असंही म्हणवत नाही. जत्रेत पाळण्यात बसलेल्या माणसाला पाळणा कुणी बनवला ते सांगायला गेलं तर तो तरी कुठे ऐकतो?

खोलीवर येऊन कुलूप काढलं तेव्हा, आत कुणीतरी असल्यासारखं, मी मोठ्याने म्हणालो, "गेला की पाखऱ्या." ही सवय वाईट आहे, एकट्याने राहणाऱ्याला हळूहळू लागते. पत्र्याची खोली दिवसभर तापलेली होती. आजूबाजूच्या खोल्यांत तिन्ही पाळ्यांची माणसं राहतात, कुणी ना कुणी कायम झोपलेलं असतं, त्यामुळे इथे गळा मोकळा करता येत नाही. गाणाऱ्या माणसाने अशा ठिकाणी राहावं हा विनोदच आहे, पण गाण्यावर भागत नाही आणि कंपनीत भागतं. तरी मी पुष्कळ गायलो. सरपंचांच्या मिरवणुकीची गाणी, साहेबांच्या वाढदिवसाची गाणी, एकदा नव्या जेसीबीचं गाणं. नाव बदललं की तीच चाल दुसऱ्या साहेबांना बसते, फक्त नाव फार लांब नसावं. फोन बघितला. कुणाचाच नव्हता. बैल जाऊन आठवडा होत आला होता, सगळ्या तालुक्याला माहीत होतं, फ्लेक्सवर माझा फोटोसुद्धा चढला होता आणि मला कुणी कळवलं नव्हतं. घरातल्या माणसाला कोण कळवतं, तो असतोच, असं धरून चालले असतील. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. घरातला म्हणून मला धरणारं दुसरं कुणी आता उरलेलं नव्हतं.

होते ते आण्णा, माझे वडील. मच्छिंद्र त्यांचं नाव. दौंडला रेल्वेत गँगमन होते, दिवसा रूळ ठोकायचे आणि संध्याकाळी पेटी काढायचे. आमच्या वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या आसपास त्यांना घरी जेवायची फुरसत नसायची, आज पाटस, उद्या कुरकुंभ, परवा शिरूर. गाणी त्यांची स्वतःची आणि त्यातलं एकही कागदावर नाही. "ज्याला कागुद लागतो त्यो अर्ज," म्हणायचे, "गानं न्हवं." भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं, असा रिवाज आहे. लोक त्या नावासाठी थांबायचे. बायका पोरांना गप्प करायच्या, विडी ओढायला गेलेले मंडपात परत यायचे आणि नाव आलं की समोरून "वा मच्छिंद्रा!" असा आवाज उठायचा. लहानपणी मला वाटायचं की त्या आवाजानेच आण्णा खरेखुरे होतात, एरवी घरात असतो तो नुसता खोकणारा माणूस. पार्टीचा एक नियम होता. तालमीत शेवटचं कडवं म्हणायचं नाही. चाल धरायची, ढोलकीने ठेका बांधायचा, स्वर कुठे वर जाणार ते ठरवायचं, पण शब्द तोंडातून काढायचे नाहीत. "नाव लोकांम्होरं घ्यायचं आसतंय," आण्णा म्हणायचे. "भितीम्होरं घेतलं की शिळं होतं." त्यांच्या कोरसमधल्या माणसांनासुद्धा ते कडवं मंडपातच पहिल्यांदा ऐकायला मिळे, आणि मागे बसून तेही "वा" म्हणत.

शर्यतीवरची बंदी उठली त्या वर्षी पोपटरावांनी मला बैलावर गाणं करायला सांगितलं. आण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. ज्या माणसाने आयुष्यभर बाबासाहेबांशिवाय दुसऱ्या कुणावर शब्द खर्चला नाही, त्याला हे सांगायला मी बिचकत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "कुनाचा बैल?" मी सांगितलं. "बागायतदार हायेत व्हय. आसू दे. बैल त्यांचा आसला तरी गानं आपलंच ऱ्हातंय. म्हन." मी तीन कडवी म्हटली. पहिल्यात वासरू, दुसऱ्यात घाट, तिसऱ्यात बैल म्हातारा होतो आणि गिऱ्हाईक दाराशी येऊन उभं राहतं. आण्णा डोळे मिटून पडले होते, झोपले की काय असं वाटलं. मग म्हणाले, "आता म्होरं न्हेऊ त्येला." चौथं कडवं आम्ही दोघांनी केलं. मी ओळ द्यायचो, ते मोडायचे, ते द्यायचे, मी चालीत बसवायचो. शेवटची ओळ पूर्ण त्यांची, तिच्यात त्यांचं आणि माझं अशी दोन्ही नावं. त्यांनी ती एकदाच म्हटली आणि धाप लागून उशीवर मागे पडले. मी एकदा म्हटली. "ऱ्हायली का?" त्यांनी विचारलं. "राहिली," मी म्हणालो. बाहेर यार्डात कुठलंसं इंजिन उगाच शिट्ट्या मारत होतं. इतका सुखी मी त्यानंतर कधी झालो नाही.

शिरूरला विश्वजीतच्या स्टुडिओत ते कडवं गायच्या आधीच उडालं. "दादा, तीन मिनिटाच्या वर कोन ऐकतंय? आन् म्हातारा बैल कशाला? लोकांना नाचायचंय." तिसरंही उडालं. मी भांडलो, चांगला तावातावाने भांडलो, मग पोपटरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "त्येला त्यातलं कळतंय, त्यो म्हंतोय तसं करू." गाणं मोबाइलवर आलं तेव्हा मी फोन आण्णांच्या कानाशी धरला. दोन कडवी झाली, संगीत संपलं. ते वाट बघत राहिले. "बंद पडला का रं?" मी म्हटलं, "नाही आण्णा, गाणंच संपलं." "आन् नाव?" नाव खाली लिहिलेलं असतं म्हणून मी दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "मंग लोकांना ऐकू कसं यायचं त्ये?" गाणं गाजलं तेव्हा आण्णा नव्हते.

फ्लेक्स पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, पोपटरावांचा फोन आला. आवाज पार बसलेला. "संघर्षराव, पोरगं गेलं वो आपलं." "कळलं आबा," मी म्हणालो. "दशक्रिया ठिवलीय. समदी येनार हायेत. तुमी गानं म्हना. आन् येक डाव आख्खं म्हना, शेवटापस्तोर. मोबाइलवानी न्हाई." मी विचारलं, "आख्खं?" "आख्खं म्हंजी आख्खं. त्येचा मान हाय त्यो." कँटीनमध्ये ताट हातात धरून मी उभाच राहिलो, मागचे लोक ढकलायला लागले. एवढ्या वर्षांत ते कडवं कुणीतरी मागितलं होतं. बैल मरावा लागला, पण मागितलं. त्यानंतरचे दिवस मी दुसऱ्याच कुणाच्या अंगात राहिलो. लाइनवर पार्ट उचलताना पहिलं कडवं, ठेवताना दुसरं. बसमध्ये तिसरं गुणगुणायचो आणि तिथे थांबायचो. चौथ्याला हात लावला नाही. लावायचा नसतो. ते आत आहे एवढं पुरेसं होतं, बंद पेटीला हात लावून बघितल्यासारखं मी नुसतं त्याच्यापाशी जाऊन परत यायचो. एवढ्या मोठ्या मंडपात ते पहिल्यांदा बाहेर पडेल, दोन्ही नावं येतील आणि समोरून एखादा, एखादा तरी, "वा" म्हणेल. मला त्या आवाजाची भूक लागली होती. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

शिरूरपर्यंत एसटीने गेलो, पुढे न्हावऱ्याला वडापच्या जीपने. पोपटरावांच्या वावरात मंडप, खुर्च्या, पाखऱ्याचा माणसापेक्षा मोठा फोटो, त्याला हार. गोठ्यात त्याचा जोडीदार एकटाच वैरण चघळत होता. महाराजांचं प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी म्हणाले, पाखऱ्याने कधी पक्ष पाहिला नाही, सर्वांना समान आनंद दिला, आणि मग स्वतःच्या पक्षाने तालुक्यात काय काय केलं ते सांगत बसले. पिंड बांधावर ठेवला होता, भात आणि वर पाखऱ्याला आवडायची ती गूळपोळी. कावळा शिवेना. बाभळीवर दोन-तीन बसले होते, मान वाकडी करून खाली बघत होते, उतरत नव्हते. सगळा मंडप बांधाकडे तोंड करून उभा. पोपटराव हात जोडून म्हणाले, "तुज्या जोडीदाराला इकनार न्हाई." कावळा हलला नाही. "घाटात गाडा पळवायचा सोडनार न्हाई. तुझी समाधी बांधतो." काही नाही. ऊन तापायला लागलं, मागे जेवणावळीच्या पातेल्यांची झाकणं वाजायला लागली, आणि पोपटरावांचा मुलगा पृथ्वीराज एकदम ओरडला, "आबा, गानं! त्येचं गानं ऱ्हायलंय!" माइक माझ्या हातात आला.

पिंड आणि कावळा यावर माझा काडीचा विश्वास नाही. आण्णांनी हे बघितलं असतं तर चार दिवस हसले असते आणि पाचव्या दिवशी त्यावर गाणं केलं असतं. पण मी गायलो, आणि असा मी कधी गायलो नव्हतो. मुखडा उचलला तसे लोक सरसावले, टाळ्या वाजवाव्यात की हात जोडावेत हे न कळून काहींनी दोन्ही केलं. पहिलं कडवं झालं. वासरू उभं राहिलं, पोपटरावांना हुंदका आला. मला दूरवर चौथं कडवं दिसत होतं, चढ संपल्यावर गाव दिसावं तसं. दुसऱ्याची शेवटची ओळ मी ओढून धरली आणि कावळा उतरला. "शिवला! शिवला!" सगळा मंडप बांधाकडे पळाला. खुर्च्या पडल्या, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. माइक कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतला. "पाखऱ्याची इच्छा पूर्ण झालेली आहे, तरी सर्वांनी जेवण करूनच जायचं आहे." तिसऱ्या कडव्यासाठी घेतलेला श्वास तसाच आत राहिला. लोक येऊन माझे हात दाबत होते. "तुमच्यामुळं शिवला बगा." एकाने गळ्यात हात टाकून फोटो काढला. पोपटरावांनी मिठी मारली, त्यांच्या रडण्याने माझा खांदा भिजला आणि त्यांना गाण्याची आठवण राहिली नव्हती, राहायचं कारणही नव्हतं. मला हसू येत होतं. कावळ्यालासुद्धा मोबाइलवरची दोन कडवीच पुरली.

जेवणं उरकली, गाड्या गेल्या, मंडपवाले कापड सोडायला लागले. मी एसटीची वेळ विचारायला घराकडे वळलो, तर गोठ्याच्या दाराशी पोपटरावांची आई, कस्तुराबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. दिवसभर त्या मंडपात दिसल्या नव्हत्या. "तूच का रं त्यो गानेवाला?" "हो आजी." "मंग बस हितं." मी जमिनीवर बसलो. "मला येक सांग," त्या म्हणाल्या. "म्या हे गानं कवापसनं ऐकतीया. पृथ्वीच्या फोनमधी त्येच, ट्रॅक्टरवर त्येच. जवा बगावं तवा त्यो निशानालाच भिडतोय. घरी कवा येतोय? म्होरं काय हाय त्येच्या?" चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मंडपातल्या इतक्या माणसांत नव्हतं ते माणूस इथे शेणाच्या पाटीशेजारी बसलं होतं. मी पुढे सरकलो. "म्हणू का?" "म्हन की. मला कुटं जायाचं हाय?"

मी माइकशिवाय, खालच्या पट्टीत सुरुवात केली. त्यांनी कान पुढे केला. वासरू आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, घाट आला तेव्हा कंटाळल्यासारखा हात हलवला, पुढे चल म्हणून. मग तिसरं.

थकली मान, थकला पाय, घाट दिसंना डोळ्याला,
दारी गिऱ्हाईक उभं, हात घालून दाव्याला.

कस्तुराबाईंनी पदर तोंडावर धरला. "मंग? इकला?" मी श्वास घेतला. चाल वर गेली, जिथे जायला हवी तिथे गेली, आणि तिथे शब्द नव्हते. मी थांबलो, हसलो, तिसऱ्यापासून पुन्हा पळत आलो. पुन्हा तेच. आण्णांची उशी आठवली, तिचा तेलकट वास, त्यांची धाप, "आता म्होरं न्हेऊ त्येला" आठवलं, यार्डातल्या शिट्ट्या आठवल्या. ओळ नाही. जिभेवर एक शब्द आला, मी झडप घातली, तर तो कुठल्या सरपंचाच्या वाढदिवसाच्या गाण्यातला निघाला. नवी ओळ करता आली असती. तेच तर माझं काम आहे, कुठल्याही चालीत कुणाचंही नाव मी बघता बघता बसवतो. एक ओळ झालीसुद्धा, यमकासकट, दोन्ही नावं घालून. तिच्याकडे बघून मला शिसारी आली. ती मी गिळली.

"इकला न्हाई, आजी," मी म्हणालो. "एवढं माहीत आहे."

"त्ये मला बी म्हाईत हाय. म्या इकू दिला आस्ता व्हय? गान्यात कसं हाय त्ये म्हन."

"विसरलो."

हा शब्द मी मोठ्याने म्हटला तेव्हा मला तो कळला. ते कडवं कधी कागदावर उतरलं नव्हतं, मशीनमध्ये गेलं नव्हतं, भिंतीसमोरसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. जगात ते दोन माणसांच्या तोंडून एकेकदा निघालं होतं. एकाला जाऊन चार वर्षं झाली आणि दुसरा मी. आण्णा गेले तेव्हा मी रडलो होतो, माणसं जमली होती, वंदना झाली होती, सगळं रीतसर झालं होतं. तरी ते माझ्यात कुठेतरी शिल्लक होते, नाव घ्यायची वाट बघत. ते आत्ता गेले, या गोठ्याच्या दारात, आणि या वेळी कुणी जमलं नव्हतं.

कस्तुराबाई रागावल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना माझीच कीव आली असावी. त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावरून फिरवला. "आसू दे रं. व्हतंय आसं. येवडं तोंड नगं पाडू. घरी कुनाला तरी येत आसंल की. आईला न्हाई तर बापाला?"

"येतं की," मी म्हणालो. "वडलांना येतं."

"मंग त्येंला इचार आन् यिऊन सांग मला. सावकाश ये. म्या हाय हितंच."

मी हो म्हटलं.